आठ हजार की नऊशे?

प्रश्न : आमची मुलगी एम.एस्सी. झाली. आता तिला बिहेविअरल न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे मेंदू आणि वर्तन यांचा संबंध तपासणाऱ्या शाखेत पीएच.डी. करायची आहे. सध्या ती मार्गदर्शक शोधते आहे. गूगल स्कॉलरवर एका प्राध्यापकांच्या नावापुढे आठ हजार सायटेशन दिसतात, दुसऱ्या एका बाईंच्या नावापुढे नऊशे. आम्ही म्हणतो, आठ हजारवाल्यांकडे जा. ती म्हणते, बाईंचे पेपर मी वाचलेत, मला तिथेच जायचंय. तिचं चुकतंय का? हे सायटेशन म्हणजे नेमकं काय असतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तिचं चुकतंय असं मला वाटत नाही. तिने पेपर वाचले आहेत, आणि तुम्ही आकडा पाहिला आहे. तरीही आकड्याला काही अर्थच नसतो असं म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. अर्थ असतो, फक्त तो काय आहे हे नीट समजून घ्यायला हवं.

संशोधक शोधनिबंध लिहितो तेव्हा आधीच्या ज्या कामाचा त्याने आधार घेतला, ज्याची पद्धत वापरली किंवा ज्याला विरोध केला, त्या सगळ्याची यादी शेवटी देतो. त्या यादीत एखाद्या निबंधाचं नाव आलं की त्या निबंधाच्या खाती एक सायटेशन जमा होतं. आठ हजार सायटेशन म्हणजे त्या प्राध्यापकांच्या सगळ्या निबंधांचा मिळून आठ हजार वेळा असा उल्लेख झाला आहे. कौतुकाने झाला, सवयीने झाला की खोडून काढण्यासाठी झाला, हे या बेरजेत दिसत नाही.

ही मोजणी कोणाला मोठा ठरवण्यासाठी सुरू झालेलीच नाही. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून ‘शेपर्ड्‌स सायटेशन्स’ नावाची सूची निघत असे. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणकोणत्या निकालांत घेतला गेला, तो निकाल अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे वकिलाला त्यात पाहता येई. युजीन गारफिल्ड या माहितीशास्त्रज्ञाने ही कल्पना विज्ञानात आणली. १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याने लेख लिहून विज्ञानासाठी अशी सूची हवी असं मांडलं. एखाद्या निबंधावर पुढे टीका झाली असेल तर ती वाचकाला सापडावी आणि वादग्रस्त निष्कर्ष कोणी आंधळेपणाने पुढे नेऊ नयेत, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. फिलाडेल्फियातल्या त्याच्या संस्थेने १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. पहिल्या खेपेला त्यात ६१३ नियतकालिकं होती.

म्हणजे हे साधन माग काढण्याचं होतं. एक निबंध हातात घ्यायचा आणि तो पुढे कुठे कुठे गेला, त्याचं काय झालं, ते पाहायचं. पुढे या मागाची नुसती बेरीज होऊ लागली, आणि त्या बेरजेवर नोकऱ्या, बढत्या, अनुदानं ठरू लागली. तुमच्या मुलीने पेपर वाचले, म्हणजे तिने ही सूची जशी वापरायला हवी तशीच वापरली आहे.

प्रश्न : संशोधकाच्या नावापुढे सायटेशनबरोबर ‘एच-इंडेक्स’ असाही आकडा असतो. तो काय सांगतो?
— पदवीचा विद्यार्थी, अमरावती

उत्तर : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप सुचवलं. समजा एका संशोधकाचे सहा निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४ आणि १ सायटेशन मिळाली आहेत. यात किमान चार सायटेशन मिळालेले चार निबंध तरी नक्की आहेत, पण किमान पाच सायटेशन मिळालेले पाच निबंध नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. एकच निबंध खूप गाजला आणि बाकी कोणी पाहिले नाहीत, तर हा आकडा फुगत नाही. ढीगभर निबंध लिहिले आणि कोणी वाचले नाहीत, तरीही फुगत नाही. सातत्याने उपयोगी काम करणाऱ्याला न्याय मिळावा असा हिर्श यांचा विचार होता.

त्याच्या मर्यादाही तिथेच आहेत. एच-इंडेक्स निबंधांच्या संख्येपेक्षा कधीच मोठा होऊ शकत नाही, त्यामुळे थोडं पण फार मोलाचं लिहिणारा मागे पडतो. तो वयाबरोबर वाढतो आणि कमी कधीच होत नाही, म्हणून तिशीतल्या संशोधकाची साठीतल्या संशोधकाशी तुलना करण्यात अर्थ नाही. वीस लेखकांच्या निबंधात कोणी किती राबलं हे त्याला कळत नाही. शिवाय विषयाविषयात फरक असतो. गणितात संदर्भांच्या याद्या लहान असतात, जीवविज्ञानात लांबलचक, म्हणून उत्तम गणितज्ञाचा आकडा साधारण जीवशास्त्रज्ञापेक्षा लहान दिसू शकतो. मेंदूविज्ञानातसुद्धा मानवी मेंदूची चित्रं घेणाऱ्यांची आणि उंदरांना महिनोन्‌महिने शिकवून प्रयोग करणाऱ्यांची गती वेगळी असते.

आणखी एक लक्षात ठेवा. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं आणि अजून तपासणी न झालेले मसुदेही मोजतं. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या दुसऱ्या सूची मुख्यतः निवडक नियतकालिकं पाहतात. म्हणून एकाच माणसाचे तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. दोघांची तुलना करायचीच असेल तर एकाच ठिकाणचे आकडे घ्या.

प्रश्न : उंदरांना टाकीत पोहायला लावणाऱ्या एका प्रयोगाला हजारो सायटेशन आहेत असं वाचलं. एवढं काय आहे त्यात?
— निवृत्त विज्ञान शिक्षिका, नाशिक

उत्तर : बाई, तुम्ही या शाखेतल्या बहुधा सर्वांत प्रसिद्ध टाकीबद्दल विचारलंत. ती रिचर्ड मॉरिस यांची. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात असताना त्यांनी ही पद्धत बसवली. १९८१ मध्ये त्यावरचा पहिला निबंध आला आणि १९८४ मध्ये पद्धत तपशिलाने सांगणारा दुसरा.

मोठी गोल टाकी, त्यात पाणी, आणि पाणी दूध घालून गढूळ केलेलं. पृष्ठभागाच्या जरा खाली एक छोटा ओटा लपवलेला. उंदराला पोहता येतं, पण पाण्यात राहायला आवडत नाही. म्हणून तो ओटा शोधत सुटतो. पहिल्यांदा तो योगायोगाने सापडतो. थोड्याच फेऱ्यांत उंदीर टाकीच्या कुठल्याही कडेने सोडला तरी सरळ ओट्याकडे पोहत जातो. ओटा दिसत नाही आणि पाण्यात वासाचा माग उरत नाही. मग तो जातो कशाच्या आधाराने? खोलीतलं दार, दिवा, भिंतीवरची खूण यांच्या संदर्भाने त्याने जागा लक्षात ठेवलेली असते. नंतर ओटा काढून घेतात आणि उंदीर त्या जागेच्या आसपास किती वेळ घुटमळतो ते मोजतात. स्मरण असं मोजता येऊ लागलं, तेही उंदराला उपाशी न ठेवता आणि अवघ्या काही दिवसांत.

१९८२ मध्ये मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग निकामी केलेले उंदीर दिसणाऱ्या ओट्याकडे नीट जातात, पण लपवलेल्या ओट्याची जागा शिकू शकत नाहीत. १९८६ मध्ये त्यांनी मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या संदेश झेलणाऱ्या रेणूंना, औषधाने अडवलं, तेव्हाही उंदरांना जागा शिकता आली नाही. या ग्राहींवर अवलंबून असलेली, पेशींमधले दुवे बळकट होण्याची रासायनिक क्रिया आणि प्रत्यक्ष शिकणं यांच्यातलं नातं त्यामुळे हाती आलं.

सायटेशन मात्र या निष्कर्षांपुरती थांबली नाहीत. १९९२ मध्ये सुसुमू टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेतून एक जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरचा निबंध आला. त्या उंदरांची स्मृती तपासायला हीच टाकी वापरली होती. त्यानंतर जनुक बदललेल्या उंदरांचं युगच सुरू झालं. अल्झायमरवरचं औषध असो, मेंदूला झालेली इजा असो की म्हातारपण असो, स्मृती तपासायची म्हटलं की मॉरिसची टाकी आणि मॉरिसचा संदर्भ हे ठरून गेलं.

सर्वाधिक सायटेशन मिळवणारे निबंध बहुतेकदा असेच पद्धती सांगणारे असतात. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वकाळातल्या पहिल्या शंभर निबंधांची यादी केली. तिच्या शिरोभागी ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध होता, तीन लाखांहून अधिक सायटेशनचा. विषय होता द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याची पद्धत. विश्वाच्या उत्पत्तीचा शोध किंवा डीएनएची रचना यांच्यापेक्षा तो पुढे होता, कारण प्रथिन रोज हजारो प्रयोगशाळांत मोजावं लागतं. पद्धतीच्या निबंधाचा आकडा वापर सांगतो, आणि वापर ही मोठीच गोष्ट आहे. मॉरिस यांचं मोठेपण मात्र १९८२ आणि १९८६ च्या निष्कर्षांतही आहे, ते नुसत्या बेरजेतून वेगळं काढता येत नाही.

प्रश्न : मोठ्या नियतकालिकात छापून आलं म्हणजे काम मोठं, असं धरायला हरकत आहे का? ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ तेच सांगतो ना?
— संशोधक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो, निबंधाचा किंवा माणसाचा नसतो. एखाद्या नियतकालिकात गेल्या दोन वर्षांत आलेल्या निबंधांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. ग्रंथालयाने कोणती नियतकालिकं घ्यावीत हे ठरवायला तो बरा. ही सरासरीही थोड्या गाजलेल्या निबंधांच्या जोरावर वर जाते, त्याच अंकातल्या बाकीच्यांना फार कोणी विचारलेलं नसतं.

दोन वर्षांची ही खिडकी मेंदूविज्ञानातल्या उत्तम कामाला किती अपुरी आहे, याची दोन उदाहरणं देते.

१९७१ मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्‌स्की यांनी ‘ब्रेन रिसर्च’मध्ये एक छोटी टिपणवजा नोंद छापली. मोकळेपणाने फिरणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ७६ पेशींच्या विद्युतसंदेशांची त्यांनी नोंद घेतली होती. त्यांतल्या ८ पेशी उंदीर ठरावीक जागी, ठरावीक दिशेला तोंड करून असतानाच, किंवा तेव्हा सर्वांत जास्त, बोलत होत्या. हा पुरावा प्राथमिक आहे, असं लेखकांनी शीर्षकातच म्हटलं होतं. पेशी जागा ओळखते, ही कल्पना तेव्हा अनेकांना पटली नाही. १९७८ मध्ये ओकीफ आणि लिन नॅडेल यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मॉरिसची टाकी आली, आणि १९८२ च्या त्या निबंधाच्या लेखकांत स्वतः ओकीफही होते. २००५ मध्ये नॉर्वेतल्या माय-ब्रिट आणि एड्वर्ड मोसर यांच्या प्रयोगशाळेने जागेची जाळी आखणाऱ्या पेशी दाखवल्या. २०१४ मध्ये ओकीफ आणि मोसर दांपत्याला नोबेल मिळालं, पहिल्या टिपणानंतर ४३ वर्षांनी. ओकीफ यांची नोकरी १९७३ मध्ये दोन वर्षांच्या सायटेशनवर ठरवली असती तर काय झालं असतं, याचा विचार निवड समित्यांनी जरूर करावा.

दुसरं उदाहरण ब्रेंडा मिल्नर यांचं. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने अपस्माराच्या एका तरुण रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. झटके कमी झाले, पण त्या तरुणाला नवं काहीच लक्षात राहीना. मॉन्ट्रियलहून मिल्नर त्याची तपासणी करायला येत आणि दर वेळी त्याला त्या नव्याने भेटत. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी दहा रुग्णांवरचा निबंध प्रसिद्ध केला. जग त्या तरुणाला ‘एच.एम.’ म्हणून ओळखत राहिलं, त्याचं पूर्ण नाव हेन्री मोलेसन हे २००८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच जाहीर झालं. पुढे १९६२ मध्ये मिल्नर यांनी आणखी एक थक्क करणारी गोष्ट नोंदवली. आरशात पाहून चांदणीची बाह्यरेषा गिरवण्यात एच.एम.चा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला, पण हे आपण आधी केलं आहे याची त्याला मुळीच आठवण नसे. स्मृती एकच नसून तिचे वेगवेगळे मार्ग आहेत, हे यातून समोर आलं.

१९५७ चा तो निबंध आजही, साठहून अधिक वर्षांनी, मेंदूविज्ञानातल्या सर्वाधिक संदर्भ घेतल्या जाणाऱ्या निबंधांत आहे. त्यात प्रचंड यंत्रसामग्री नव्हती. मोजक्या रुग्णांकडे बारकाईने पाहणं होतं. ते छापणारं नियतकालिकही मज्जासंस्थेच्या डॉक्टरांचं होतं, वर्तमानपत्रांत झळकणारं नव्हतं.

प्रश्न : आपल्याकडे, भारतात, या शाखेत जगाने संदर्भ घ्यावा असं काही झालं आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : झालं आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेने ताणाचा मेंदूवर होणारा परिणाम तपासला. २००२ मध्ये ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’मध्ये अजय व्यास, रूपशी मित्रा, बी. एस. शंकरनारायण राव आणि चटर्जी यांचा निबंध आला.

त्याआधी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्युअन यांच्या गटाने दाखवलं होतं की दीर्घकाळच्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात. बेंगळुरूच्या गटाने पुढचा प्रश्न विचारला. ताणाने आठवण कमजोर होते, पण भीती आणि चिंता तर वाढते. मग भावनांशी संबंधित ॲमिग्डाला या भागात काय होतं? त्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, हालचाल करता येणार नाही अशा रीतीने अडकवून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमध्ये फांद्या आखडल्या, ॲमिग्डालात मात्र त्या वाढल्या. तोच ताण, तोच मेंदू, आणि दोन भागांत उलट परिणाम.

२००४ मध्ये त्यांनी दाखवलं की ताण थांबवून उंदरांना २१ दिवस विश्रांती दिली तरी ॲमिग्डालातली वाढ आणि उंदरांची चिंता कमी होत नाही. २००५ मध्ये आणखी एक निबंध आला. एकदाच दिलेल्या तीव्र ताणाने लगेच काही दिसत नाही, पण दहा दिवसांनी ॲमिग्डालातल्या पेशींवर नवे काटे फुटलेले दिसतात. आघात होऊन गेल्यावर बऱ्याच काळाने चिंता का उफाळते, या प्रश्नाला त्यातून एक दिशा मिळाली.

या निबंधांचे संदर्भ जगभरचे लोक देतात. त्यांची मालिका पाहिली की सायटेशनचा खरा अर्थ दिसतो. मॅक्युअन यांच्या कामाचा संदर्भ देऊन बेंगळुरूकरांनी त्यात न विचारलेला प्रश्न विचारला, आणि आता दुसरे लोक बेंगळुरूच्या कामाचा संदर्भ देऊन पुढचे प्रश्न विचारतात. २००२ च्या निबंधातलं पहिलं नाव, अजय व्यास, तेव्हा विद्यार्थी होते. पुढे ते स्टॅनफर्डला रॉबर्ट सापोल्स्की यांच्याकडे गेले आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे उंदरांची मांजरीच्या वासाची भीती कशी नाहीशी होते, यावर त्यांनी २००७ मध्ये काम प्रसिद्ध केलं. चांगल्या प्रयोगशाळेतून निबंध बाहेर पडतात तसे स्वतंत्र विचार करणारे संशोधकही बाहेर पडतात. त्यांची मोजदाद कुठल्या इंडेक्समध्ये नाही.

प्रश्न : ज्याला हजारो लोकांनी संदर्भ म्हणून घेतलं ते निदान खरं तरी असेल ना?
— एक डॉक्टर वाचक, सोलापूर

उत्तर : डॉक्टर, तसं धरून चालता येत नाही, हे याच शाखेने अलीकडे फार कडवटपणे अनुभवलं. २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. अमायलॉइड या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार उंदरांची स्मृती बिघडवतो, असा त्याचा दावा होता. अल्झायमरचं मूळ हाती लागल्याची आशा निर्माण झाली. दोन हजारांहून जास्त निबंधांनी त्याचा संदर्भ घेतला. २०२२ मध्ये ‘सायन्स’ने सविस्तर शोधवार्ता देऊन त्यातल्या चित्रांबद्दल शंका मांडल्या. जून २०२४ मध्ये चित्रांत फेरफार झाल्याच्या खुणा असल्याचं नोंदवून तो मागे घेतला गेला. म्हणजे अठरा वर्षं तो संदर्भ वाढतच राहिला होता.

इथे अल्झायमरच्या संशोधनातलं सगळंच खोटं ठरलं, असा अर्थ मात्र काढू नये. अमायलॉइडच्या भूमिकेला इतर अनेक पुराव्यांचा आधार आहे. दोष एका निबंधातल्या पुराव्यापुरता होता, पण त्यावर विसंबून ज्यांनी वेळ, पैसा आणि प्राण्यांचे जीव खर्च केले त्यांचं नुकसान खरं आहे. १९५५ मध्ये गारफिल्डला वाटत होती ती काळजी नेमकी हीच.

दुसरा प्रकार अप्रामाणिकपणाचा नसतो, अर्थ लावण्याचा असतो. रॉजर पोर्सोल्ट आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक चाचणी मांडली. उंच भांड्यातल्या पाण्यात उंदीर सोडायचा आणि तो हातपाय मारणं थांबवून किती वेळ नुसता तरंगतो ते पाहायचं. नैराश्यावरची औषधं दिली तर तरंगण्याचा वेळ कमी होतो. औषधांची प्राथमिक छाननी करायला ही चाचणी उपयोगी पडली आणि तिला प्रचंड सायटेशन मिळाली. पण पुढे अनेकांनी तरंगणाऱ्या उंदराला थेट ‘निराश’ म्हणायला सुरुवात केली. सुटका नाही हे कळल्यावर ताकद राखून ठेवणं हे उंदराचं शहाणपणही असू शकतं, असा आक्षेप आज गांभीर्याने घेतला जातो. तुम्ही रुग्णांना बघता, तेव्हा माणसाचं नैराश्य भांड्यातल्या त्या मिनिटांत मावत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या फाटकावर ‘जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञ’ म्हणून एका सरांचा फलक लागला आहे. ही यादी कोण करतं? तिला किती मानावं?
— एक प्राध्यापक, लातूर

उत्तर : स्टॅनफर्डमधले जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसमधल्या माहितीवरून ही यादी करतात. २०१९ पासून ती प्रसिद्ध होते आहे. तिच्यात एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्सबरोबर संशोधक एकटा लेखक, पहिला लेखक किंवा शेवटचा लेखक असतानाची सायटेशनही मोजतात. स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळून आकडे पाहायची सोय असते. हे सगळं साध्या बेरजेपेक्षा नक्कीच विचारपूर्वक केलेलं आहे. मात्र यादी दोन प्रकारची असते, संपूर्ण कारकिर्दीची आणि फक्त एका वर्षाची. फलकावर कोणती ते बहुतेकदा लिहिलेलं नसतं, ते विचारा. त्या सरांचं अभिनंदनही जरूर करा आणि त्यांनी नेमकं काय शोधलं हेही विचारा. मुलांसमोर त्या प्रश्नाचं उत्तर यायला हवं.

आकड्यांचा ध्यास आपल्याकडे कुठे नेतो ते आपण पाहिलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेली जी नावं होती, ती पुण्यातल्या अभ्यासगटाने तपासली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की तपासलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के नियतकालिकं दर्जाहीन असू शकतात. बढतीसाठी निबंध हवेत, निबंधांसाठी छापणारे हवेत, आणि पैसे घेऊन काहीही छापणारे तयारच असतात. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती आयोगाने काढली, ते मला योग्य वाटतं. शिकणाऱ्या मुलाला छापायची घाई करायला लावणं हा त्याच्यावर अन्यायच होता.

प्रश्न : मग संशोधकाचं काम पारखायचं तरी कसं? सामान्य माणसाला सगळे पेपर वाचता येणार नाहीत.
— एक वाचक, सांगली

उत्तर : सगळे वाचायची गरज नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१२ साली संशोधकांनी आणि संपादकांनी एक जाहीरनामा तयार केला, ‘डोरा’ या नावाने तो ओळखला जातो. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाला तोलू नका, कामाचा आशय पाहा, एवढी त्याची मुख्य मागणी आहे. ती घरी बसूनही पाळता येते.

संशोधकाच्या नावाखाली सर्वाधिक सायटेशन असलेले पहिले पाच निबंध पाहावेत. ते नव्या शोधाचे आहेत, पद्धतीचे आहेत की इतरांच्या कामाचा आढावा घेणारे आहेत? आढावा लेखांना संदर्भ भराभर मिळतात. ते लिहायला विद्वत्ता लागते, पण तो प्रयोग नव्हे. त्या निबंधांत हे संशोधक कुठे आहेत तेही पाहा. जीवविज्ञानात पहिलं नाव साधारणपणे प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं असतं आणि शेवटचं प्रयोगशाळाप्रमुखाचं. आठ हजारांपैकी सात हजार सायटेशन पन्नास लेखकांच्या एखाद्या निबंधातून आली असतील, तर तो आकडा त्या प्रयोगशाळेबद्दल फार थोडं सांगतो. उलट नऊशे सायटेशन विद्यार्थी पहिले लेखक असलेल्या दहा निबंधांतून आली असतील, तर तिथे मुलांना काम करू दिलं जातं आणि त्याचं श्रेय दिलं जातं, हे दिसतं.

नंतर एक निबंध निवडून त्याचा संदर्भ घेणारे पाच-सहा नवे निबंध उघडावेत. ते काय म्हणतात? कोणी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला का, आणि तेच निघालं का? प्रस्तावनेतल्या एका ओळीत नाव घालून मोकळे झालेले संदर्भ वेगळे, आणि ज्यावर पुढचा प्रयोग उभा आहे ते संदर्भ वेगळे. निबंध मागे घेतला गेला असेल तर तसा शिक्का त्याच्या पानावर असतो, तोही पाहावा. आणि शेवटी, त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात ते त्यांनाच विचारावं.

वर्तनाचा अभ्यास हे सावकाश काम आहे. प्राण्याला शिकवायला वेळ लागतो, एका उंदराचा वाईट दिवस निष्कर्ष बिघडवू शकतो, म्हणून पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. नऊशेवाल्या बाई असं काम करत असतील आणि मुलीने त्यांचे पेपर वाचून तिला त्यात स्वतःचा प्रश्न सापडला असेल, तर तिला तिकडे जाऊ द्या. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं तिला त्या प्रश्नाबरोबर काढायची आहेत, मार्गदर्शकांच्या आकड्याबरोबर नव्हे. जाण्याआधी मात्र तिला त्यांचे दोन विद्यार्थी गाठून बोलायला सांगा.